पाच हजार खोटी मानसं

मले खुशबूचा हेवा वाटते. लपवून काय करू? खुशबू म्हनजे माझी धाकटी जाऊ, माझ्या देराची, धर्मेंद्रची बायको. दीड वर्ष झालं तिले बपेऱ्यात येऊन आन समोरच्या खोलीत तिचं टेबल लागलं. मले या घरात आठ वर्षं झाली. माझ्या वाट्याले सयपाकाचा ओटा.

बरं, मी काई अडानी नाई. लग्नाआधी नाकाडोंगरीले सेतू केंद्रात फार्म भरत होती मी, दिवसाले साठ-साठ. इकडे आली तं सासूबाई म्हने, "आपल्या घरच्या सुना दुकानात नाई बसत." बसली मंग घरी. आन आता तेच सासूबाई पदराले हात पुसत त्या टेबलापाशी जाते, "खुशबू, चाय ठेवू का वो?" आन माझ्याकडे वळून ओठावर बोट, "मेघा, मिक्सर बंद कर, तिची मीटिंग हाये." मंग चटनी पाट्यावर वाटतो आमी. मीटिंग म्हने!

आन काम काय तिचं? खोटी मानसं बनवनं. खरंच सांगते. नागपूरच्या कोन्या कंपनीची नोकरी, घरूनच. यावर्षी आमच्याकडे धान विकाले रांगेत उभं राहनं बंद झालं. साइटवर नाव टाकायचं, टोकन घ्यायचं, टोकनवर जो दिवस असन त्या दिवशी खरेदी केंद्रावर धान न्यायचा. सोमवारी सकाळी दहाले ते साइट उघडनार होती. सगळा तालुका एकाच टायमाले तुटून पडनार. तेव्हा साइट बसली तं? म्हनून आधीच कंप्युटरातून पाच हजार खोटी मानसं एकदम तिच्यावर सोडायची आन टिकते का पाहायचं. याले लोड टेस्ट म्हनते ती.

खोट्या मानसायले नावं लागली. सासूबाईनं ओसरीत बसून अख्खं गाव सांगतलं, मेलेले धरून. ताराचंद, टेकचंद, तुळसा, घनश्याम. त्याच नावायले उलटंपालटं करून खुशबूनं हजारो केले. सासूबाईचं नाव टाकलं, स्वतःचं टाकलं. माझं नाई. मी तिथंच लसून सोलून राहिली होती. मेलेल्यायले जागा होती, मले नव्हती! अंगाचा तिळपापड झाला, पन विचारलं नाई.

शुक्रवारी दुपारी खुशबू सयपाकघरात आली. "ताई, तुमच्याशी काम होतं. मशीन फक्त पान किती सेकंदात आलं ते मोजते. पानावर लिवलं काय हाये ते वाचत नाई. पाच हजार खोट्यायच्या गर्दीत एक खरं मानूस लागते, हातानं फार्म भरून पाहाले. तुमची नजर पक्की हाये. म्हनून तं यादीत तुमचं नाव टाकलं नाई मी."

घ्या! याचंबी कारन तयार होतं तिच्यापाशी.

पन बसली मी. खोटं कायले बोलू, आवडलं मले. आठ वर्षांनी खुर्चीवर बसून फार्म भरत होती. ती लॅपटॉपवर, मी मोबाइलवर. "सोडले, ताई. भरा आता." मी भरलं: मेघा मंगेश पटले, बपेरा, वीस क्विंटल. बटन दाबलं. थोडंसं फिरलं आन पान आलं.

टोकन मिळालं. नाव: खुशबू धर्मेंद्र पटले.

माझे वीस क्विंटल, आन नाव तिचं. तीनदा वाचलं मी. साइट चुकली, हे डोक्यात मागून आलं. पहिले आलं ते हेच, की इथंबी तीच! फार्म मी भरायचा आन नाव तिचं यायचं.

"आलं का बरोबर, ताई?" ती आपल्या स्क्रीनकडे पाहून राहिली होती. तिथं सगळं हिरवंगार होतं, म्हनजे पास.

मले समजत होतं. नाव चुकलं म्हनजे काय होते, हे सेतू केंद्रात बसलेल्या बाईले कोनी सांगाव लागत नाई. पन मनात आलं, पडू दे सोमवारी एकदा तोंडघशी. पाहू दे सासूबाईले तिची गुनाची सून.

"हो, बरोबर आलं," मी म्हनली आन पान बंद केलं.

शनिवार लय गोड गेला. चटनी वाटतानाबी मले हसू येत होतं. रविवारी सकाळी नाकाडोंगरीवरून बाबाचा फोन आला. "बाई, ते साइट तुह्या जावेनं तपासली ना? मंग काई भेव नाई. मी ट्रॅक्टरवाल्याले सांगून ठेवलं."

माझा सख्खा बाप, आन भरोसा तिच्यावर! फोन ठेवला आन मंग पुढचं दिसलं. बाबा पोते भरून केंद्रावर जाईन, टोकन दाखवीन, त्याच्यावर नाव दुसऱ्याचंच. भरलेला ट्रॅक्टर वापस. एकटा बाबाच नाई, किती जन असे वापस फिरतीन. तरीबी मी दिवसभर तोंड उघडलं नाई. इतकी मी कुजकी.

संध्याकाळी खुशबूनं हाक मारली. "ताई, रिपोर्ट झाला. पाहा बरं." लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. वरतीच होतं, टेस्ट करनारे: मेघा मंगेश पटले, खुशबू धर्मेंद्र पटले.

"माझं पहिले काहून?"

"तुमी मोठ्या ना."

आठ वर्षांत राशन कार्ड सोडून माझं नाव कुठं छापलं नव्हतं. इथं छापलं, तिच्या वर छापलं. आन त्याच्या खाली काय, तं टोकनवरचं नाव हातानं तपासलं, बरोबर हाये. तिचं बोट बटनावर होतं. "पाठवू?"

"थांब." मी म्हनली. "बरोबर नव्हतं. मी माझं नाव टाकलं, आलं तुझं."

"कधी?"

"शुक्रवारीच."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. काहून, असं विचारलं नाई. तिले समजलं, आन तिले समजलेलं मले दिसलं. बोलली असती, भांडली असती तं माझ्यापाशीबी उत्तरं तयार होते. तिनं सरळ फोन उचलला. "सर, उद्याचं उघडनं थांबवा. गर्दी झाली की एकाचं टोकन दुसऱ्याच्या नावावर जाऊन राहिलं. हो, मशीनमध्ये सगळं हिरवंच होतं. आमच्या ताईनं पकडलं."

मी दोन दिवस लपवलं, त्याचा शब्दबी नाई काढला तिनं.

सासूबाईनं ऐकलं ना! "मोठीनं पकडलं म्हने!" दोन कप चाय घेऊन आली आन मंगेशवर, माझ्या नवऱ्यावर, वसकली, "टीव्ही बंद कर रे, दोघी जनी काम करून राहिल्या." दीड वर्ष ज्या चायसाठी जीव जळला, ते चाय माझ्या हातात होती, आन मी कप तसाच खाली ठेवला.

"पुन्हा टेस्ट घ्याव लागन," खुशबू म्हनली.

"किती वाजता बसू मी?"

"तुमी राहू द्या, ताई. पान मी पाहीन." आवाज तसाच मऊ. तिनं खोट्या मानसायची यादी उघडली, सगळ्यात खाली गेली आन माझ्या समोर टाइप केलं, मेघा मंगेश पटले.

मी दोनी कप उचलले आन ओट्याकडे गेली.