मांदेलीच्या घशातला काटा

तारापूरला वीजघर बांधत होते त्या साली आमची मांदेली सारखी ओकायला लागली. मांदेली म्हणजे आमची कुत्री. त्या माशासारखीच बारीक आणि पिवळी, म्हणून ते नाव. गळ्याखाली सूजही आली. आमच्या सातपाटीत अशा वेळी सगळ्यांच्या तोंडी एकच, माशाचा काटा अडकला. नवऱ्याने कोरड्या भाताचे गोळे भरवले, तिने तेही ओकून टाकले.

“तूच काटे टाकतेस तिच्यापुढं!” तो माझ्यावर खेकसला. मीही काही कमी बोलले नाही.

शेवटी मासळीच्या पाटीत बसवून आम्ही तिला पालघरला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी जबडा उघडून पाहिला, काखा-जांघा चाचपल्या.

“काटा नाही. अंगभर गाठी आहेत. याला औषध नाही.”

माझ्यावरचा आळ तरी गेला. संध्याकाळी ते ऐकवायला मी तोंड उघडलं, तर नवरा मांदेलीला मांडीवर घेऊन चुलीपुढे बसलेला. आजाऱ्याला देतात ती मुडदुशी मासळी त्याने उकडली होती आणि तिच्यातला केसासारखा काटान् काटा तो वेचत होता.

मी शेजारी बसले. दुसरी मुडदुशी सोलायला घेतली.

“काटा नाय म्हनाला ना डाक्टर?”

त्याने वर पाहिलं नाही.

“काटा असता, तर काढला असता गं.”