बिनकिड्याची प्लेट

होणाऱ्या विहीणबाई वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक प्लेट घेऊन कारखान्यात शिरल्या, तेव्हा मावशींचा कुंचला भुंगेऱ्याच्या पायावरच थबकला. लग्न तोंडावर आलेलं, आणि लेकीच्या सासरी प्लेटांचा सेट पोचवून आठवडाही झाला नव्हता.

मावशी चिनी मातीच्या भांड्यांवर किडे काढत. भट्टीतून निघालेल्या प्लेटला छिद्र पडलं की त्यावर ठिपक्यांचा भुंगेरा, ओरखडा गेला की चतुर, वेडीवाकडी चीर असली की नाकतोडा. जशी खोट तसा किडा. गिऱ्हाइकं विचारत, म्हणून अर्थही मावशींनीच चिकटवलेले. भुंगेरा म्हणजे नशीब, चतुर म्हणजे हुशार संतती. नाकतोड्याला बरीच वर्षं काही सुचलं नाही, मग दीर्घायुष्य देऊन टाकलं. लोक ते घरी नेऊन पाहुण्यांना सांगत आणि पाहुणे पुढे आपापल्या आजीच्या नावावर खपवत.

लेकीच्या सासरचा सेटही मावशींनी बाद मालातूनच जमवला होता. मोठेपणा तर मिळाला पाहिजे, पण खिशाला झळ लागता कामा नये!

"बसा ना, विहीणबाई. पाणी आणू? चहा? की आधी पाणी?"

"सगळं पिऊन आलेय."

विहीणबाई कागद सोडू लागल्या, तोही सावकाश, एकेक घडी उलगडत. कुठली असेल? नाकतोड्याची? नखाने खरवडला असणार कुणीतरी मेल्याने. आता लग्न मोडलं तर लेकीला काय सांगायचं, नाकतोड्यापायी मोडलं?

प्लेट बाहेर आली. पांढरीशुभ्र.

"हिच्यावर किडाच नाही," विहीणबाई म्हणाल्या. "थोरल्या सुनेच्या पुढ्यात गेली, तर दिवसभर तिचं तोंड फुगलेलं. म्हणते, सगळ्यांना नशीब नि आयुष्य, मीच तेवढी कोरडी! म्हटलं, ही नव्या सुनेला ठेवू. तुमच्या लेकीला काय हवं ते तुम्हीच काढा."

बाद ढिगात चुकून एक चांगली आली होती तर! मावशींनी सुस्कारा टाकला, कुंचला रंगात बुडवला आणि प्लेट फिरवली. पुन्हा फिरवली. हात कुठे टेकेचना. एरवी जागा दाखवायला छिद्र तरी असायचं. शिवाय आपणच रचलेली थाप लेकीच्याच पुढ्यात ठेवायची?

"राहू दे अशीच," तोंडातून निसटलं. "हिच्यात काही खोट नाही."

"म्हणजे बाकीच्यांत आहे?"

मावशींनी कुंचला पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. थापा तर दहा सुचत होत्या. पण लेक उद्या याच बाईच्या हाती पडणार.

"आहे. प्रत्येकीत. किड्याखाली."

विहीणबाईंनी प्लेट मावशींकडे सरकवली.

"मग तर काढाच. सगळ्यांच्या प्लेटा तडकलेल्या नि धाकटीची तेवढी धड, हे थोरलीला कळलं तर तुमच्या लेकीचं माझ्या घरात काही खरं नाही."

"काय काढू?"

"काहीही काढा. अर्थ मी सांगते घरी."