पंजाबरावांचा गळा भरून येत नाही

नांदुऱ्याजवळच्या त्या गावात मरणाऱ्याला एक हमी होती : शोकसभेत पंजाबराव रडणार. हे निवृत्त ग्रामसेवक बोलायला उभे राहिले, की दुसऱ्याच वाक्याला त्यांचा गळा भरून येई आणि मयताशी वीस वर्षं अबोला धरलेला भाऊसुद्धा डोळे पुसू लागे.

पण गेल्या हिवाळ्यात पंजाबराव सभेशिवायच रडू लागले. जेवण तुटलं, झोप उडाली, भिंतीकडे तोंड करून दिवस जाऊ लागले. सत्यभामाबाईंनी नवऱ्याला हाताला धरून बुलढाण्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नैराश्यावरची गोळी मिळाली, रोज सकाळी एक. सोबत ताकीद : गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, तोंड कोरडं पडेल, दारूला शिवायचं नाही, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंद तर मुळीच करायची नाही.

पाचव्या आठवड्यात पंजाबरावांनी ठेच्यात मीठ कमी असल्याची तक्रार केली. सत्यभामाबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी ती शेजारी जाऊन सांगितली.

आणि नेमके इंद्रभानआबा वारले. त्यांचा मुलगा गोपाल गावचा सरपंच. तो पडेल चेहऱ्याने आला आणि पंजाबरावांना शीळ घालताना पाहून त्याचा चेहरा आणखी पडला.

"काका, तीन दिवस गोळी बंद ठेवा ना. सभेपुरती. बाबांच्या सभेत कोनी रडलं नाई त लोक काय म्हनतीन?"

चाळीस वर्षांचा मान! दुसऱ्या सकाळी पंजाबरावांनी गोळी तोंडाऐवजी सदऱ्याच्या खिशात टाकली. कपडे भिजवण्याआधी खिसे चाचपायची सत्यभामाबाईंची सवय ते विसरले होते.

"गावाले रडू पाह्यजे म्हनून तुमी पुन्हा भिंतीकडं तोंड करून निजता काय? मले नाई पाह्यजे तो मान. घ्या पानी!"

गोळी पोटात गेली. ही बातमीही शेजारी गेली.

सभेला सारं गाव रुमाल काढून बसलं. पंजाबराव उभे राहिले. दुसरं वाक्य झालं, पाचवं झालं, गळा भरेना. तोंड मात्र कोरडं ठणठणीत. गडवाभर पाणी पिऊन त्यांनी घाबरत घाबरत आठवलं ते सांगून टाकलं.

"इंद्रभान अन् मी अकोल्याले निंगालो, उलट्या गाडीत बसलो अन् भुसावळले उतरलो. घरी सांगू नको म्हने. तिथंच केळाचा घड घेतला अन् वहिनीले सांगतलं, अकोल्याची केळं हायेत!"

लोक रुमाल हातात धरून एकमेकांकडे पाहू लागले. इंद्रभानआबांच्या जनकाबाईंनी पदर तोंडाला लावला, खांदे हलू लागले. गोपालच्या जिवात जीव आला : चला, आई तरी रडली. तिने पदर काढला तर बाई हसत होती.

"मले तवाच समजलं होतं! सदरा धुतानी खिशात भुसावळहून परतीचं तिकीट सापडलं. तीस वर्षं मी त्यायले अकोल्याचीच केळं मांगत होती!"

मांडव फुटला. लोकांचे रुमाल अखेर कामी आले, गोपालचाही.

डोळे पुसत जनकाबाई म्हणाल्या, "पंजाबराव, माह्या सभेले बी तुमीच बोलजा. अन् सत्यभामा, त्या दिवशी यांचा खिसा आदी पाह्यजो, मा!"