ज्या जाळ्यात मासा कधी आला नाही

मी एक जुने जाळे आहे, मित्रांनो, आणि माझ्यात आजवर एकही मासा आलेला नाही. हसू नका. शेजारच्या खुंटीवरचे धाकटे जाळेही मला याच गोष्टीवरून फार दिवस हसत असे. ते रोज नदीवर जाई, मरळ आणि वाम घेऊन येई आणि भिंतीवर पाणी ठिबकवत दिवसभराच्या बढाया मारी. मी कोरडेच असे. मी कोरडे का, हे त्याला कळले तेव्हा त्याचे हसणे बंद झाले.

माझा जन्म मेहकरच्या खालच्या अंगाला, पैनगंगेकाठच्या तुळशीराम भोयाच्या घरी झाला. वऱ्हाडाचा कारभार आता नागपूरकडे गेला, असे त्या दिवसांत येणारेजाणारे सांगत. नदीला त्याचे काही नव्हते. तुळशीरामच्या म्हाताऱ्या बापाने मला विणले. घरातल्या बायकांनी मांडीवर सणाचे सूत वळले, बाभळीच्या सालीच्या पाण्यात मला उकळले आणि माझ्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवल्या. मी गोल फेकायचे जाळे. हवेत उघडले की पोरीच्या घेरदार परकरासारखे दिसे. मला माझा फार अभिमान होता.

पहिल्याच फेकीला मी जड लागले. पूर ओसरत होता, आणि मोठा मासा घावला म्हणून काठावरची माणसे ओरडू लागली. मी वर आले तेव्हा माझ्यात वरच्या गावचा एक माणूस होता. पुरात वाहून आलेला.

भोयांच्या त्या घरात एक रीत होती. ज्या जाळ्याने मेलेले माणूस वर आणले, ते पुन्हा माशाला लावायचे नाही. मला वेगळी खुंटी मिळाली. कुठे कोणी विहिरीत पडले, नदीत गेले की गावोगावहून बोलावणे येई आणि तुळशीराम मला खांद्यावर टाकून निघे. या कामाचे तो काही घेत नसे. एक नारळ मिळे, तोही नदीलाच द्यायचा. माणूस सापडले की घरी येण्याआधी मला वाहत्या पाण्यात धुवायचे, हीही रीतच. सापडले नाही तर मात्र मी तसेच चिखलाचे खुंटीला जाई. पाण्यात माणूस असताना जाळे धुवायचे नसते.

मला त्या सगळ्यांची आठवण आहे. धुतल्याने चिखल जातो, वजन जात नाही. वारा नसतानाही मी कधीकधी हलते. घरातली पोरे मग माझ्याकडे पाठ करून जेवत.

एकदा साखरखेर्ड्याच्या एका बाईचा मुलगा वाहून गेला. तुळशीरामने नदी धुंडाळली, पण तो मिळाला नाही. बाई काठावरून हलेना. शेवटी तुळशीरामने माझ्या गाठींत अडकलेला चिखल बोटांनी निपटून काढला आणि तिच्या पदरात ठेवला. "माय, पाण्यानं एवढंच देल्लं," तो म्हणाला. "हाच तुहा लेक समज." बाईने तो गोळा छातीशी धरला आणि घरी नेऊन त्याला अग्नी दिला. मग तिला रडू आले. त्या दिवशी तुळशीरामने मला धुतले. माणूस मिळाले असेच त्याने धरले.

तुळशीराम आणि तानुबाईला एकच मुलगा, निवृत्ती. साहेबाची मोठी लढाई सुरू होती आणि ओझी वाहायला माणसे हवी होती. निवृत्ती गेला. खामगावहून आगगाडीत बसला, मुंबईहून जहाजात. मागे त्याची बायको गोजराबाई आणि तिच्या मांडीवरची शालू राहिली. लढाई संपली, माणसे परतू लागली, आणि एका दुपारी पिंपळगाव राजाचा उकंडराव दारात येऊन उभा राहिला. निवृत्तीच्याच जहाजावर तो होता. माझी खुंटी दाराशीच आहे, म्हणून मी सगळे ऐकले.

"काका, हबशांच्या मुलखाकडे जाऊन राह्यलो होतो," उकंडराव म्हणाला. "बेटं दिसत होती. नारळाचीच झाडं. तिथं तो तापानं गेला. जहाजावर जाळता येत नाई. कापडात बांधलं, पायाले लोखंड बांधलं आन् सोडलं पान्यात."

तुळशीराम उकंडरावाच्या जवळ सरकला.

"लोखंड पक्कं बांधलं होतं?" त्याने विचारले.

"हाव."

"मंग तो वाहून नाई गेला," तुळशीराम म्हणाला. "हाय तिथंच हाय."

मित्रांनो, नदीवरच्या माणसाचे हे शहाणपण. नदीत जड वस्तू जिथे टाकली तिथेच राहते. साऱ्या परगण्याची मढी ज्याने काढून दिली, त्याचा स्वतःचा पोरगा पाण्यात राहावा, हे त्याला सोसवेना. त्या संध्याकाळी त्याने ठरवले की सगळ्या घराने समुद्रावर जायचे. गावात त्याने सांगितले, मासे धरायला चाललो. खरे सांगितले असते तर लोकांनी वेड्यात काढले असते. शालू तेव्हा बोलू-पळू लागलेली चुणचुणीत पोर होती. तिलाही तेच सांगितले.

मग घरात दुसरा विषय राहिला नाही. खामगावपर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडी, जलंबला ती बदलायची, मग मुंबई. तिथे एक डोंगा भाड्याने घ्यायचा आणि बेटांपर्यंत वल्हवत जायचे. समुद्राचे पाणी पिता येत नाही म्हणून तानुबाईने मडकी निवडून ठेवली, दशम्यांसाठी ज्वारी दळली, जवसाची चटणी कुटली. दर साली नदीच्या वाळूत टरबुजाची वाडी लावत. त्या साली वाळू तशीच राहिली. शालू साऱ्या आळीत सांगत फिरे, "आमी बेटावर चाललो! तिथला मासा म्हशीएवढा असते!" आणि धाकटे जाळे आनंदाने खुंटीवर झुले. त्याला वाटे, न्यायचे ते आपल्यालाच.

उकंडरावाने एकदा समजावून पाहिले. "काका, ते नदी नोय. तिथं तळ लागत नाई."

"तळ नाई तं येवढं पानी कशावर थांबलं?" तुळशीराम म्हणाला. उकंडराव उठून गेला आणि पुन्हा त्या घरी आला नाही.

गोजराबाई माझ्या विणीतली फाटकी घरे सांधी. रोज सकाळी कुंकवाच्या करंड्याशी तिचे बोट थबके. लावावे तर कोणासाठी, आणि पुसावे तर कोणाला अग्नी देऊन? सासरा म्हणे, पोरगा वर येईपर्यंत पुसायचे नाही. ती लावी. मला तिची फार कीव येत असे, मित्रांनो. ती घरात होती आणि कुठेच नव्हती.

एके दिवशी तुळशीराम माझ्या कडेला जास्तीच्या शिशाच्या गोळ्या ओवीत बसला होता. शालू जवळ आली आणि तिच्या लक्षात आले.

"आबा, हे तं मढ्याचं जाळं हाय," ती म्हणाली. "मासे याच्यात काऊन धरता?"

तानुबाईचे जाते थांबले. त्या दिवसापासून शालूने बेटांचे नाव काढले नाही.

मग बाजारात कोणीतरी सांगितले की खाऱ्या पाण्यात वस्तू लवकर बुडत नाही आणि खार सुताला खातो. तुळशीराम अस्वस्थ झाला. समुद्रावर जाऊन मी बुडालेच नाही तर? आमच्या मुलखात खारे पाणी एकच, लोणारचे. त्याने गाडी जुंपली. सगळ्यांनी मिळून आधी तिथे जाळे टाकून पाहायचे, मग खामगावची वाट धरायची.

लोणारचे तळे एका खोल वाडग्याच्या तळाशी आहे. झाडीतून खाली उतरताना मोर ओरडत होते आणि कुजल्यासारखा वास येत होता. पाणी हिरवे, जाड. काठाला पांढरा खार आणि त्याच्या खाली काळा चिखल. देवीच्या देवळाशी तानुबाईने हात जोडले. तुळशीराम गुडघाभर चिखलात शिरला, मला खांद्यावर घेतले आणि फेकले.

मी उघडले आणि खाली गेले. हळूहळू गेले, पण गेले. मित्रांनो, मी किती पाणी पाहिले! प्रत्येक पाण्यात काहीतरी हालते, निदान एखादा बेडूक, एखादी शेवाळाची दांडी. तिथे काहीच हालत नव्हते. मी पसरून पडले होते आणि वर म्हातारा दोरी धरून उभा होता, जणू आत्ता, आत्ता जड लागेल. मीही वाट पाहिली. खरेच पाहिली. इतक्या वर्षांत आपण होऊन मला कोणी यावे असे वाटले, ते तेवढे एकदाच.

त्याने मला ओढले. माझ्यात काळा चिखल होता.

त्याने पुन्हा फेकले, आणि पुन्हा. आता तो जाळे पारखत नव्हता. त्याचे ओठ हलत होते. तो निवृत्तीला हाक मारत होता.

"आबा, इथं मासे काऊन नाई?" काठावरून शालूने रडवेल्या आवाजात विचारले.

तेव्हा गोजराबाई पाण्यात शिरली. लुगडे भिजवत ती सासऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर तिने कधी ढळू दिला नव्हता. आज तोच पदर तिने पुढे पसरला.

"मामाजी, साखरखेर्ड्याच्या बाईले तुमी काय देल्लं होतं?"

तुळशीरामने दोरी हातावर गुंडाळली.

"तिले चिखल देल्ला," गोजराबाई म्हणाली. "मले बी द्या."

"हे त्याचं पानी नोय, पोरी. त्याचं पानी लय लांब हाय."

"खारं तं हाय," ती म्हणाली. "मले यवढंच खारं पानी भेटन, मामाजी. मी अशी किती दिवस राहू?"

म्हाताऱ्याने माझ्या गाठींत बोटे घातली, तिथला चिखल निपटला आणि तिच्या पदरात ठेवला. साखरखेर्ड्याच्या बाईला म्हटलेले ते शब्द त्याला म्हणवले नाहीत. तिनेच म्हटले, "हाच." आणि पदराची गाठ मारली.

पैनगंगेच्या काठावर गोजराबाईने त्या गोळ्याला अग्नी दिला आणि कपाळ पुसले. तुळशीराम आला नाही. तो दाराशी माझ्याखाली बसून होता. मी लोणारच्या चिखलासकट खुंटीला होते, न धुतलेले. मडकी तशीच मांडलेली होती. म्हातारा अजून जाणार, हे घरात सगळ्यांना कळत होते. तानुबाई मुलगा गेल्यापासून रडली नव्हती, कारण नवऱ्याने त्याला गेला असे कधी म्हटलेच नव्हते.

माझ्यावरचा चिखल वाळला, पांढरा पडला. खार माझे सूत खाऊ लागला. आणि एका सकाळी तुळशीराम उठला, मला खुंटीवरून काढले आणि नदीवर गेला. वाटले, आता निघालो आपण. गाडी, मुंबई, डोंगा, नारळाची बेटे. त्याने मला वाहत्या पाण्यात सोडले, एक एक गाठ चोळली आणि धुतले.

तानुबाई पाणी भरायला आली होती. तिने ते पाहिले. घागर तिच्या हातातून सुटली आणि ती काठावर बसून मोठ्याने रडू लागली. तुळशीराम मला धूतच राहिला.

आता मी अगदी जीर्ण झाले आहे, मित्रांनो. हात लावला की माझे सूत तुटते. तुमच्या घरी असे जुने जाळे असेल तर ते वांग्याच्या वाफ्यावर पाखरांसाठी पसरू नका, एवढे माझे ऐका. आणि कोणाचे माणूस दूर पाण्यात राहिले असेल तर त्याला 'विसर' म्हणू नका. त्याच्या पदरात काहीतरी ठेवा.

माझ्यात आलेल्या साऱ्यांची वजने मला आठवतात. सर्वांत जड निवृत्ती, जो कधी आलाच नाही.