घोरपडीची साक्ष

गुरुवारी मुळीबाबाच्या दरबारात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. मालेगावहून दोन गाड्या भरून भक्त आले होते. बाबाने तेलाच्या वाटीत शेंदूर फासलेली, जोडलेल्या हातांसारखी दिसणारी मुळी ठेवली, तासभर प्रवचन झोडलं आणि वाटी उचलून दाखवली. तेल निम्म्यावर आलं होतं!

"पाहा! हातजोडी तेल पिऊन राह्यली! जीव हाये मुळीत, जीव! साप चावू द्या, भूत लागू द्या, दंडाले बांधली का जहर उतरलंच समजा!"

लोकांनी हात जोडले. मी जोडले नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून नव्हे, या माणसाने माझा भाऊ मारला म्हणून.

चंपतदादाला वांगी तोडताना घोणस चावली. दवाखाना पंधरा मिनिटांवर होता, मोटारसायकल शेताच्या धुऱ्यावर उभी होती. तरी लोकांनी त्याला इथे आणलं. बाबाने दंडाला मुळी बांधली आणि वर तंबी दिली, "सुई टोचली त मुळी मरते." दादा तडफडून गेला. बाबा म्हणाला, त्याची श्रद्धा कमी पडली. आम्ही पोलिसांत तक्रार केली, तेव्हा सगळ्या साक्षीदारांची दातखीळ बसली.

तेरावं झालं आणि गिरजावहिनीने ती मुळी माझ्यासमोर आपटली.

"ताई, मले रडायचं नाई. याले मातीत घालायचं हाये. तुमी शिकलेल्या, सांगा कसं."

मी मुळीचं टोक चिमट्यात धरून जाळलं. मूळ असतं तर लाकडाचा वास आला असता. आला तो केस जळाल्याचा, म्हणजे ते कुठल्या तरी प्राण्याचं होतं. आम्ही तशाच उठून वनाधिकारी वसीमसाहेबांकडे गेलो. त्यांनी मुळी सीलबंद करून डीएनए तपासणीला पाठवली. प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याच्या जातीची खूण असते. वाळवा, शेंदूर फासा, नाव बदला, ती सहजी पुसली जात नाही. अहवाल आला आणि आज तो साहेबांच्या खिशात होता. साहेब आणि दोन वनरक्षक साध्या कपड्यांत भक्तांमध्ये बसले होते. अडचण एकच होती. बाबा म्हणाला असता, ही मुळी माझी नाहीच.

वहिनी पदर पसरून उठली. "बाबा, लोक म्हन्तात, तुमी या मुळ्या बजारातून आनता."

बाबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "कोन म्हन्ते? अमोशाच्या राती घनदाट रानात जाऊन या हातानं आनतो मी! हे पाहा!" त्याने झोळी उपडी केली. "एकवीसच्या एकवीस माह्याच!"

वसीमसाहेब मोबाइलवर सगळं टिपत होते. ते शांतपणे उभे राहिले.

"सगळ्या तुमच्याच ना? बहोत अच्छा. आता ऐका. यातली एक आम्ही तपासली. ती मुळी नाही, नर घोरपडीचं लिंग आहे. ते दोन फाट्यांचं असतं, म्हणून वाळलं की जोडलेल्या हातांसारखं दिसतं. वाळलेलं मांस तेल शोषून घेतं, त्यात चमत्कार काही नाही. आणि कायद्यात घोरपडीला वाघाइतकंच संरक्षण आहे. या एकवीसही तपासणीला जातील, आणि तुम्ही आमच्यासोबत याल."

भक्तांतली दुर्गाबाई असलीच मुळी रोज कपाळाला लावायची, ती ओकारी आवरत बाहेर पळाली. किराणावाला गोपाल ओरडला, "अबे, माह्या देवघरात हाये ना ते!" मला हसू आलं. फार दिवसांनी आलं, आणि त्याची मला जराही लाज वाटली नाही.

पण राग गेला नाही. माणसासाठी ज्यांनी तोंड उघडलं नाही, त्यांच्या देखत घोरपडीने साक्ष दिली होती. हे मी विसरणार नाही आणि गावालाही विसरू देणार नाही.

वनरक्षक बाबाला जीपकडे नेऊ लागले, तर वहिनी जीपच्या आडवी उभी.

"साप चावला त कुठं जायाचं? सांग."

बाबा तिला चुकवून जीपमध्ये चढू पाहत होता.

"बाई, सरक ना," कुणीतरी म्हणालं.

"नाई सरकत. याच्या तोंडून ऐकल्याबिगर नाई. सांग!"

"दवाखान्यात," बाबा पुटपुटला.

"जोरानं! मांगच्यायले ऐकू गेलं पायजे."

"दवाखान्यात!"

"कवा?"

"लगेच. तवाच्या तवा."

मग वहिनी बाजूला झाली.

वाचणाऱ्यांनो, त्या माणसाच्या तोंडून निघालेलं खरं बोलणं तेवढंच. ते तरी माना.