महामायेचे पंचावन्न किलो

महामाया बारावीत होती आणि कुस्ती खेळायची. सरावाच्या दिवशी ती काय खाते, हे तिच्या घरातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पहाटे मूठभर भिजवलेले हरभरे, पळून आल्यावर दोन उकडलेली अंडी आणि दूध, दुपारी ज्वारीची दीड भाकरी, घट्ट वरण आणि काकडी, तालमीला जाताना केळं, रात्री एक भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ. शेषेराव वस्तादांनीच हे सगळं ठरवून दिलं होतं. उपाशी राहून वजन उतरवणाऱ्या पोरीला ते तालमीत उभंही करत नसत.

उद्या सकाळी सातला लातूरला विभागीय स्पर्धेची वजनं होणार होती. महामायेचा गट पंचावन्न किलोचा. काटा त्याच्यावर सरकला, तर कुस्ती न खेळताच घरी.

"आज चोपन्न आठशे हायेस. रोजच्यासारखं खा," वस्ताद सकाळी म्हणाले होते. "फक्त संध्याकाळी पंचावन्न तीनशेच्या वर जाऊ नको. झोपेत तीन-चारशे ग्राम आपसूक उतरतंय."

एरवी ते अवघड नव्हतं. पण नेमकी आज येळवस होती. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला किल्लारीच्या आसपासची गावं ओस पडतात. सगळी माणसं रानात, कडब्याच्या कोपीपुढं, म्हणजे छोट्या खोपटापुढं, जेवायला बसतात आणि बांधावरून जाणाऱ्या ओळखी-अनोळखी कुणालाही उपाशी जाऊ देत नाहीत.

महामायेची मैत्रीण वर्षाराणी. तिच्या रानात दरवर्षीचं बोलावणं. महामाया घरी जेवून, नुसतं भेटून परतायचं ठरवून गेली. पण वर्षाराणीच्या आज्जीनं, साखराबाईनं, तिला लांबूनच हेरलं.

"आगं, काय करलालीस उभं राहून? बस की!" म्हणत तिनं आंबिलीचा पेला पुढं केला. ज्वारीची, ताकातली, गार आंबील. नाही म्हणायची लाज वाटली म्हणून महामायेनं तो पेला संपवला. लगेच दुसरा पेला आला. पाठोपाठ पत्रावळीवर बाजरीचे वाफवलेले उंडे आणि डाळी-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी.

"आज्जी, नको. उद्या वजन हाय माझं."

"आंबिलीला कुठलं आलंय वजन? पाणीच ते!"

तुरीची रास नुकतीच झाली होती. तुरीचे कट्टे, म्हणजे पोती, मोजायचा काटा कोपीशेजारीच पडून होता. महामाया त्यावर चढली. पंचावन्न दोनशे ऐंशी! वस्तादांच्या हद्दीला आता फक्त वीस ग्राम उरले होते, म्हणजे दोन घासही नाहीत.

"आज्जी, पोटात गेलं तरी तेवढंच भरतंय, बघा."

"तांब्या हातात धरला की जड लागतोय. पोटात गेल्यावर कुठं जड लागतोय?" साखराबाई हटेना.

वर्षाराणीचे वडील वैजनाथकाका हसत म्हणाले, "आये, तूच बघ की चढून."

साखराबाई आंबिलीनं भरलेला तांब्या घेऊन काट्यावर उभी राहिली. त्रेचाळीस सहाशे. मग तिथंच उभ्यानं तिनं तांब्या घटाघटा रिकामा केला आणि तसाच हातात धरून ठेवला. सगळे वाकून बघायला लागले. आकडा जागचा हलला नव्हता. त्रेचाळीस सहाशे.

"काटा बिघडलाय," साखराबाई म्हणाली.

मग काका भज्जीची वाटी घेऊन चढले आणि काट्यावरच जेवले. वर्षाराणी उंडा घेऊन चढली. प्रत्येक वेळी तेच. वाटीतली भज्जी पोटात गेली तरी आकडा तोच राहायचा. साखराबाईनं पत्रावळीवरचा दुसरा उंडा चिमटीनं मोडून पाहिला, पुन्हा काट्याकडं पाहिलं आणि एकदम गंभीर झाली.

"म्हणजे मी पोरीचं वाटोळंच करत होते की!"

तिनं पदर खोचला. "चल. घरापर्यंत सोडते तुला. वाटेत सात रानं हायेत, एक बी तुला खाऊ घातल्याबिगर सोडणार न्हाई."

पुढचं दृश्य त्या शिवारानं कधी पाहिलं नव्हतं. पुढं साखराबाई, मागं महामाया. पहिल्याच बांधावरून माणिकप्पानं हाक मारली, "या, या, जेवून जा!" साखराबाईनं तिथूनच दम भरला, "गप बस! पोरगी पंचावन्न दोनशे ऐंशी हाय!"

"मग खीर तरी!"

"खीर पोटात गेली तरी खिरीएवढीच भरती. बघितलंय मी!"

सातव्या रानापर्यंत महामायेचं वजन सगळ्या शिवाराला पाठ झालं होतं. लाजेनं तिचे कान लाल झाले, पण पोटात काही गेलं नाही. चालून थोडं उतरलं असेल, या हिशोबानं रात्री तिनं अर्धीच भाकरी खाल्ली, दोन घोट पाणी प्यायलं आणि लवकर झोपली.

सकाळी लातूरच्या क्रीडा संकुलात ती काट्यावर उभी राहिली. तिनं डोळे मिटून घेतले होते. काट्याशेजारच्या बाई म्हणाल्या, "चोपन्न आठशे ऐंशी. पुढची या."

महामाया बाहेर आली. वस्तादांनी आधी तिच्या हातात अंडी आणि केळं दिलं, मग फोन. फोनवर साखराबाई होती.

"किती भरलीस?"

"चोपन्न आठशे ऐंशी, आज्जी! बसले गटात!"

पलीकडून आकडे पुटपुटल्याचं ऐकू आलं. बोटांवर हिशोब चालला असावा.

"म्हणजे एकशेवीस ग्राम रिकामेच सोडलेस की गं," साखराबाई हळहळली. "एक उंडा सहज बसला असता!"