मला कोणानंतर पुसता?

मी एक जुनी खुर्ची आहे, केस कापायच्या दुकानातली. लाल रेक्झिन, मान टेकायला उशी आणि मला वर-खाली करायला पायाशी एक दांडा. मालकांनी मला आणलं तेव्हा त्या रस्त्यावर दुसरं दुकानच नव्हतं. त्यामुळे मित्रांनो, माझा तोरा काही विचारू नका!

शेजारच्या थांब्यावरचा बसड्रायव्हर एकदा आत आला. रंगाने काळा, केस घट्ट कुरळे. मालक म्हणाले, "तसले केस मला जमत नाहीत हो." बिचारा सुट्टीच्या दिवशी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन केस कापून यायचा. मला वाटलं, खरंच जमत नसतील.

मग समोर नवं दुकान उघडलं. तिथे कोणालाही मज्जाव नव्हता. आमची गिऱ्हाइकं गळू लागली, मालक माशा मारत बसले. एके दिवशी त्यांनीच ड्रायव्हरला हाक मारली, "अहो साहेब, या की आत!" आणि त्याचे केस असे झकास कापले, की मी चाटच पडले. म्हणजे आधी जमत नव्हतं, की जमवायचंच नव्हतं?

तरी मला आनंद झाला. पण ड्रायव्हर उठला, की मालक मला औषधाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने खसाखसा पुसायचे. फक्त त्याच्यानंतर. कारण आमचे जुने गिऱ्हाईक, निवृत्त मास्तर, दारातूनच विचारायचे, "पुसलीस ना रे? नाहीतर मी चाललो समोर." आता बघा, समोरच्या दुकानाच्या धाकाने ड्रायव्हर आत आला, आणि त्याच धाकाने ते फडकंही आलं! मी पुरती चक्रावून गेले. ड्रायव्हरला आरशात सगळं दिसायचं. मला फार लाज वाटायची.

गेल्या महिन्यात समोरच्या दुकानाला टाळं लागलं. ड्रायव्हर आला आणि उंबऱ्यातच थांबला. मास्तर नुकतेच दाढी करून उठले होते.

"मालक, आत येऊ? की आता पुन्हा जमेनासं झालं?"

मालकांचा चेहरा उतरला. मास्तर त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. मालकांनी फडकं उचललं आणि मास्तरांच्या देखत, ते बसले होते तीच जागा खसाखसा पुसली.

"बसा," ते ड्रायव्हरला म्हणाले. मास्तर तणतणत निघून गेले.

केस कापून झाले, ड्रायव्हर उठला. मालकांचा हात सवयीने फडक्याकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांना लाज वाटली, की उद्या आणखी कोणी दुकान थाटेल याची भीती वाटली? देव जाणे. मला अजून उमगलेलं नाही.

मित्रांनो, माझ्या रेक्झिनला आता चिरा पडल्या आहेत. माझी निगा राखा, मला जरूर पुसा. पण कोणा एकट्यानंतरच नको. पुसायचंच असेल, तर मास्तरांनंतरही पुसा.